रेड डेड २, विचर ३, झेल्डा की एल्डन रिंग? आधी यांचे दोष बघा, मग ठरवा

या चार व्हिडिओ गेम्सपैकी एकच सुरू करायचाय, कुठला करू असं कोणी विचारलं की लोक लगेच स्कोअर सांगतात. त्याचा इथे काही उपयोग नाही. समीक्षकांच्या गुणांची सरासरी देणाऱ्या मेटाक्रिटिकवर चारही नव्वदीच्या वर आहेत आणि रेड डेड सोडला तर बाकी तिघांनी द गेम अवॉर्ड्समध्ये आपापल्या वर्षीचा गेम ऑफ द इयर घेतलाय. मी चारही शेवटपर्यंत खेळलोय, चारही मनापासून आवडतात आणि तरी ते अर्ध्यात सोडणारे लोक मला पूर्ण समजतात. गेम निवडताना त्यातला दोष कुठे बसलाय ते बघा, सुरुवातीला त्रास देऊन नंतर विरतो, की शेवटपर्यंत तसाच राहतो, की आधी दिसतच नाही आणि पन्नास तास घातल्यावर समोर येतो.

रेड डेड रिडेम्पशन २ (२०१८) चा दोष तुमच्या हातात बसलाय, त्यामुळे तो कधीच विरत नाही. एखाद्या झोपडीत शिरलात की कपाटासमोर नायक आर्थरला नीट उभा करायचा, बटण दाबून धरायचं, मग तो ड्रॉवर ओढणार, आतला डबा उचलणार, पिशवीत टाकणार आणि मग तुम्ही एक पाऊल सरकून दुसऱ्या ड्रॉवरसाठी परत तेच करणार. पहिल्यांदा बघताना थक्क व्हायला होतं की इतकं बारीक काम कोणी करतं! चाळिसाव्यांदा मात्र तो डबा तसाच राहू दे असं वाटतं. घोड्यावरून घाईत उतरलं की रायफल बऱ्याचदा खोगिरातच राहते आणि ते गोळीबार सुरू झाल्यावर कळतं. नुसत्या हाताने एखाद्याकडे बघून बोलायचं जे बटण आहे तेच हातात बंदूक असली की नेम धरायचं, त्यामुळे व्हॅलेंटाईन गावाच्या रस्त्यात साधा नमस्कार करायला जावं तर समोरचा ओरडत पळतो, कोणीतरी शेरीफला सांगायला धावतो आणि तुमच्या डोक्यावर बक्षीस लागतं.

हे सगळं मी सोसेन, पण मिशनचं, म्हणजे गोष्ट पुढे नेणाऱ्या ठरलेल्या कामगिऱ्यांचं, काय? बाहेरच्या जगात वाऱ्याची दिशा बघून हरणाच्या मागे जायचं स्वातंत्र्य आहे, आणि मिशन सुरू झालं की ठरलेल्या वाटेवरून थोडं बाजूला गेलात तरी मिशन फेल. बाजूने वळसा घालून मागून शिरू असं डोकं चालवायला जागाच नाही. एवढ्या मोकळ्या जगात इतकी बांधलेली मिशन्स, हा मला या गेमचा सगळ्यात मोठा दोष वाटतो आणि कौतुकाच्या लाटेत त्यावर कमी बोललं गेलं. तरी संथपणाबद्दल एक नक्की सांगतो, शेवटच्या चॅप्टर्समध्ये आर्थर जसा काळजाला लागतो तसा तो घाईच्या गेममध्ये लागला नसता, कारण तोवर तुम्ही त्याच्याच चालीने चाललेले असता.

विचर ३ (२०१५) मध्ये दोष तलवारीत आहे. नायक गेराल्ट दिसतो सुंदर, गिरक्या घेतो, पण वार जवळचा होणार की लांब झेप घेऊन, हे तो समोरचा किती लांब आहे त्यावरून स्वतःच ठरवतो, त्यामुळे वार आपण केला असं वाटतच नाही. त्यात क्वेन साइन (संरक्षणाची जादू) एकदा वाढवली की बाकीच्या साइन्सची फारशी गरज उरत नाही. दुसरी गोष्ट लेव्हलची, म्हणजे ताकदीच्या आकड्याची, तुमच्यापेक्षा फार वरच्या लेव्हलचा साधा दरोडेखोर भेटला तर डोक्यावर कवटी आणि तुमची तलवार त्याला लागूनही न लागल्यासारखी. स्केलिग बेटांच्या समुद्रातली नकाशावरची प्रश्नचिन्हं तर सरळ सोडून द्या, होडी घेऊन एकेक पेटी काढत बसण्यात काही नाहीये, निम्मी करून मी स्वतः थांबलो. गेराल्टचं चालणं-वळणंही जड होतं, त्यावर नंतर अपडेट आलं, सेटिंगमध्ये पर्यायी मूव्हमेंट आहे ती पहिल्याच दिवशी लावा. पण हा दोष टाळता येण्यासारखा आहे, डिफिकल्टी खाली आणा आणि गोष्ट ऐका, इथली गोष्ट तेवढ्या ताकदीची आहे.

झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७) बद्दल सगळे ओरडतात ते शस्त्रं मोडण्यावरून. खरं सांगायचं तर तो त्रास पहिल्या दहा-पंधरा तासांचा, मग तलवारी इतक्या मिळतात की ठेवायला जागा पुरत नाही. पाऊस जास्त छळतो, अर्धा कडा चढून झाला की सर सुरू होते आणि नायक लिंक घसरत राहतो. त्याहून खोल दोष म्हणजे बक्षीस. डोंगरामागे काय असेल म्हणून जावं तर तिथे बहुतेक वेळा आणखी एक श्राइन (कोड्याची छोटी खोली), नाहीतर दगडाखालचा कोरोक नावाचा छोटा जीव. श्राइन्स १२० आणि सगळ्या आतून एकसारख्याच दिसतात, कोरोक ९००! शत्रूही तेच तेच, रंग बदलून. अर्धी उत्सुकता तिथे मरते. पण कुठेही सेव्ह करता येतं, अर्धा तास मिळाला तरी खेळून होतं.

एल्डन रिंग (२०२२) चा दोष लपलेला आहे म्हणून तो मला सगळ्यात जास्त लागला. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातले पहिले तीस तास म्हणजे गेम्समधला माझा सगळ्यात चांगला काळ, प्रत्येक गुहेत काहीतरी नवीन. मग हळूहळू कळतं की कॅटाकोम्बमध्ये (जमिनीखालच्या थडग्यांत) तोच दगडी पहारेकरी परत उभा आहे, कधी जोडीने, आणि एर्डट्री अवतार नावाचे मोठे शत्रू तर मोजायचं सोडून दिलं. राजधानीचं शहर संपवून बर्फाच्या डोंगरावर गेलात की शत्रूंचा मार एकदम वाढतो, व्हिगर (जीव वाढवणारा गुण) कमी ठेवला असेल तर दोन फटक्यांत संपता, म्हणून तिथे पोचेपर्यंत तो चाळीसच्या पुढे न्याच. मलेनिया नावाची ऐच्छिक बॉस (मोठी शत्रू) आहे, ती तुम्हाला मारून स्वतः बरी होते, ढालीवर वार झेलला तरीही. हे अवघड आहे म्हणून माझी तक्रार नाही, पण ढाल घेऊन सावध खेळायची पद्धत गेमनेच शिकवली आणि मग तिलाच शिक्षा दिली हे मला पटत नाही. क्वेस्टची (पात्रांनी दिलेल्या कामांची) यादी नाही, माणूस कुठे गेला ते आपणच शोधायचं, एखादा बॉस आधी मारला की एखादी गोष्ट कायमची बंद. डिफिकल्टी कमी करायची सोय नाही आणि साधा पॉजसुद्धा नाही, घरात कोणी सतत हाक मारत असेल तर आधी हे लक्षात घ्या.

तर, वेळ तुकड्यातुकड्यांत मिळत असेल तर झेल्डा. सलग दोन-तीन तास बसता येत असेल आणि संथपणाची चीड नसेल तर रेड डेड, पण बर्फातल्या पहिल्या चॅप्टरवरून मत बनवू नका, दुसऱ्यापासून जग उघडतं. लढाईचीच भूक असेल तर एल्डन रिंग, आणि तिथे सगळ्या गुहा उपसायच्या भानगडीत अजिबात पडू नका, त्यानेच लोक थकतात.

काहीच ठरत नसेल तर माझं मत विचरला. व्हाईट ऑर्चर्ड हा सुरुवातीचा भाग संपवा, पुढच्या वेलेन प्रदेशात जा आणि ब्लडी बॅरनचं क्वेस्ट शेवटपर्यंत करा. तोवर लढाई आवडलेली नसेलच कदाचित, पण त्या बॅरनचं काय होतं याची फिकीर वाटली नाही तर गेम तिथेच बंद करा, पुढचे शंभर तास तुमच्यासाठी नाहीत.