खिडकी लागली आहे ना? वाय-फाय, झिगबी आणि वायरवाले सेन्सर

आमचं गंगापूर रोडच्या बाजूला रो-हाऊस आहे. वरच्या मजल्यावर पाच खिडक्या, सगळ्या तीन ट्रॅकच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या, सरकत्या. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती जिना चढत नाही. पण वळवाचं आभाळ भरून आलं की तिचा जीव वरच्या खिडक्यांत अडकतो. त्या वेळी आम्ही दोघं ऑफिसात असतो. खाली बसल्या बसल्या तिला खात्रीनं कळावं, वरची एकही खिडकी उघडी नाही, एवढंच मला हवं होतं. चोरासाठी अलार्म हा वेगळा विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.

त्यासाठी खिडकीवर बसवायचे सेन्सर मिळतात. वाय-फायवाले मी आधी वापरले, झिगबीवाले (झिगबी म्हणजे वाय-फायसारखीच, पण कमी विजेत चालणारी बिनतारी पद्धत) आता वापरतोय, आणि वायरवाले मेव्हण्याच्या बंगल्यात जवळून पाहिलेत. खिडकी उघडी की बंद हे ओळखण्यात तिन्ही सारखेच, कारण बहुतेकांच्या आत लोहचुंबक आणि काचेच्या नळीतला, चुंबक जवळ आला की जुळणारा रीड स्विच हीच जोडी असते. फरक पडतो तो निरोप पोचवण्यात.

वाय-फायवाल्याचं मोठं सुख म्हणजे हब, म्हणजे सेन्सरचे निरोप गोळा करणारी मधली पेटी, लागत नाही. डबा उघडला, चिकटवला, फोनवर जोडला, झालं. सेल मात्र खातो. ज्या खिडकीची रोज उघडझाप होते, तिथे माझ्याकडे जेमतेम पाच महिने टिकले. तेही मी चालवून घेतलं असतं. माझा निर्णय फिरला तो दुसऱ्याच कारणानं.

हा सेन्सर सेल वाचवायला सतत झोपलेला असतो. पल्ला हलला की जागा होतो, राउटरला जोडतो, कंपनीच्या सर्व्हरला निरोप देतो आणि पुन्हा झोपतो. मे महिन्यात एका संध्याकाळी वीज गेली. इन्व्हर्टरमुळे आमचा राउटर चालू होता, पण गल्लीतल्या खांबावरची नेटची पेटी बंद पडली, म्हणजे नेट नाही. उकडतंय म्हणून मुलीनं नेमकी तेव्हा पश्चिमेची खिडकी उघडली आणि ती क्लासला गेली. सेन्सर जागा झाला, निरोप जाईना, झोपी गेला. वीज आली, नेट आलं, तरी अ‍ॅपवर त्या खिडकीपुढे ‘बंद’च. सातच्या सुमारास जोराचा पाऊस आला. आईनं फोन बघून मला कळवलं, “वरचं सगळं बंद आहे रे, सावकाश ये.” मी येऊन वर गेलो तर गादी भिजून दगडासारखी जड झालेली. एका हातात फोन, दुसऱ्या हाताखाली ओली कड, आणि पडद्यावर अजूनही ‘बंद’.

सेन्सरनं ‘माहीत नाही’ म्हटलं असतं तर आईनं शेजारच्या काकूंना वर पाठवलं असतं. ‘बंद’ म्हटल्यावर ती निश्चिंत झाली. मला हे फार लागलं. सगळेच वाय-फायवाले असे नसतील. काही मधूनमधून आपणहून स्थिती कळवतात. घेण्याआधी तेवढं मात्र नक्की विचारा.

झिगबीला हब किंवा यूएसबी डोंगल लागतो, आणि पहिला रविवार त्यातच जातो. मी होम असिस्टंट (घरातली उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) आणि झिगबी२एमक्यूटीटी (झिगबीचे निरोप त्याच्यापर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. निरोप घरातल्या घरात जातो, नेट असो वा नसो. माझे सेन्सर साधारण तासाभरानं हजेरी लावतात आणि हजेरीबरोबर पल्ल्याची स्थितीही सांगतात, त्यामुळे एखादा निरोप चुकला तरी पुढच्या तासात दुरुस्त होतो. झिगबी२एमक्यूटीटीत उपलब्धतेची तपासणी चालू करता येते, पण सेलवरच्या उपकरणाला ‘ऑफलाइन’ ठरवायची तिथली मूळ मुदत २५ तासांची आहे. मी ती तीन तासांवर आणली. आता स्वयंपाकघरातला छोटा दिवा खिडकी उघडी असेल तर लाल होतो आणि सेन्सर गप्प झाला तर पिवळा. आई फोनकडे बघतच नाही, दिव्याकडे बघते.

त्रास इथेही आहेत. वरच्या मजल्यावर सिग्नल अडखळायचा, म्हणून जिन्याच्या वळणावर एक झिगबी प्लग लावला. विजेवरचा प्लग मधल्या टप्प्याचं काम करतो, सेलवरचा सेन्सर करत नाही. हा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरच हवा, नाहीतर वीज गेली की वरचा मजला मुका. दोघांच्या लहरी एकमेकांच्या आड येऊ नयेत म्हणून राउटर वाय-फायच्या चॅनल १ वर आणि झिगबी तिच्या चॅनल २५ वर ठेवल्यापासून निरोप मधेच गळणंही थांबलं. सीआर-२०३२ सेल वर्ष उलटलं तरी चालू आहेत. जानेवारीच्या थंडीत सकाळी टक्के घसरलेले दिसतात, ऊन चढलं की सावरतात. घाबरून लगेच सेल बदलू नका.

वायरवाले सगळ्यांत भरवशाचे, हे मान्य. सेलच नाहीत. मेव्हण्यानं पाथर्डी फाट्याच्या बंगल्यात प्लास्टरआधीच पाइप टाकून घेतले. पण त्याच्या वायरमननं एका मजल्याच्या सगळ्या खिडक्या एकाच सर्किटमध्ये ओवल्या, त्यामुळे पॅनल ‘वर काहीतरी उघडं आहे’ एवढंच सांगतं. कोणती खिडकी, ते शोधायला वर जावंच लागतं. बांधकाम चालू असेल तर प्रत्येक खिडकीची वायर वेगळी आणायला सांगा, मग माझ्या झिगबीपेक्षा ते बरं. राहत्या घरात भिंती फोडायची माझी तयारी नव्हती.

काहीही घेतलंत तरी सरकत्या खिडकीत एक गोष्ट आधी बघा. काचेचे दोन्ही पल्ले सरकतात. सेन्सर एकावरच असेल तर दुसरा सताड उघडा राहूनही ‘बंद’ दिसेल. एकतर दोन सेन्सर लावा, नाहीतर माझ्यासारखा एक पल्ला स्क्रूनं कायमचा बसवून घ्या. आतला ट्रॅक आणि चौकट यांत अंतर पडतं, तिथे चुंबकाखाली अ‍ॅक्रिलिकचा तुकडा द्यावा लागतो. आणि पश्चिमेच्या खिडकीवरची डबल टेप एप्रिलच्या उन्हात सुटते. तिथे बारीक स्क्रूच मारा.