तालमीत वर्षाला एक शिबिर की दर रविवारी तपासणी?

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत तालमीची जागा आणि पोरं दोन्ही आहेत. अडतं ते वर्षाला एक आरोग्य शिबिर घ्यावं की दर रविवारी बीपी-शुगर तपासावी इथं.

शिबिराचा पैसा मांडव, फलक, नाष्ट्यात जातो. रविवारसाठी बीपीचं डिजिटल यंत्र, ग्लुकोमीटर, पट्ट्या, सुया आणि एक वही पुरते. पट्ट्यांची डबी उघडी राहिली की ओल लागून आकडे चुकतात. सुई प्रत्येकाला नवीच.

खरा फरक आकड्यांच्या भरवशात आहे. रांगेत ताटकळलेल्या माणसाचं बीपी चढं दिसू शकतं. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, हात छातीच्या उंचीवर ठेवा, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, मिनिटभरानं पुन्हा मोजा. 140/90 किंवा वर आलं तर पुढच्या रविवारी बोलवा. तरीही तेवढंच असेल तर आशाताईंमार्फत महापालिकेच्या आरोग्य केंद्रात पाठवा. 180/110 च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. शिबिरात ही दुसरी भेटच नसते, याचंच वाईट वाटतं.

मेहनत मात्र रविवारची जास्त: दोन माणसं कायमची हवीत, नाहीतर महिन्याभरात वही बंद.

मोतीबिंदू, दात, स्त्रीरोग तपासायचे असतील तर शिबिर घ्या. गल्लीत बीपी-शुगरवाले बरेच असतील आणि दोन माणसं टिकणार असतील, तर रविवारच.