हजार वॅटचा जांभळा दिवा

घरात भाजीची रोपं तयार करण्यासाठी दिवा आणि ट्रेखाली ठेवायची गरम चटई असा संच विकत घेणार असाल, तर आधी हे वाचा. माझी फसवणूक झाली ती संच उघडला त्या दिवशीच, पण मला ती कळायला तीन आठवडे लागले. तोवर परतीची दहा दिवसांची मुदत संपली होती.

दिव्यावर ठळक लिहिलं होतं, 1000 वॅट. चटईवर लिहिलं होतं, आपोआप तापमान राखणारी. मिरची आणि वांग्याचे ट्रे चटईवर ठेवले, टोमॅटोचा ट्रे नुसता फळीवर. टोमॅटो सहाव्या-सातव्या दिवशी छान उगवला. मिरची-वांग्याला उगवायला जास्त वेळ लागतो म्हणून मी धीर धरला. तो धीर धरायला नको होता.

दोन आठवड्यांनी मातीत सुईचा थर्मामीटर खुपसला तर आकडा 41! मिरचीला मातीत साधारण 25 ते 30 अंश पुरतात. एवढ्या उष्णतेत ओलं बी रुजत नाही, मरतं. चटईच्या वायरवर जी डबी होती ती उघडून पाहिली. आत फक्त चालू-बंदचं बटण. तापमान राखायचं तर मातीत खुपसायची वायर, म्हणजे सेन्सर, आणि त्यावरून वीज तोडणारा थर्मोस्टॅट लागतो. इथे दोन्ही नव्हतं.

एव्हाना टोमॅटोची रोपं काडीसारखी लांब झाली होती. देठ पांढुरके, पहिली दोन पानं सोडून पुढे वाढ नाही, आणि हात लागला की आडवी पडायची. रोप असं उंच पळतं ते उजेड शोधत. मी दिवा दिवसाचे सोळा तास लावत होते, म्हणून उजेडावर शंकाच आली नाही. शेवटी वीज मोजणारा मीटर प्लगला लावला. दिवा ओढत होता 18 वॅट. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आत शंभर एलईडी आहेत, प्रत्येक दहा वॅटचा." एलईडी जास्तीत जास्त किती झेपवू शकेल त्या आकड्याची बेरीज करून त्याने हजार काढले होते! विकत घेताना पाहायचा आकडा एकच, प्लगमधून प्रत्यक्ष ओढलेले वॅट.

जांभळ्या रंगालाही भुलू नका. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा उजेड जास्त शोषतं हे खरं, पण पांढऱ्या एलईडीत हे दोन्ही रंग असतातच आणि हिरव्याचाही रोपाला उपयोग होतो. शिवाय फोनमधलं लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजणारं ॲप माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने चालतं, त्यामुळे जांभळा उजेड त्यावर धड मोजताच येत नाही.

मग विक्रेत्याने बियांवर खापर फोडलं. बी जुनं असेल, पाणी जास्त झालं असेल, वगैरे. याचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण मिरचीचं बी घरच्या झाडाचं, मीच वाळवून जपलेलं. त्यातल्या उरलेल्या दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून, डब्यात घालून उबदार जागी ठेवल्या. नवव्या दिवशी आठांना मोड आले. तो फोटो, थर्मामीटरचा आणि मीटरचा फोटो असं सगळं तक्रारीला जोडलं, तेव्हा कुठे अर्धे पैसे परत मिळाले.

त्या विक्रीच्या पानावरची कौतुकं नंतर पुन्हा वाचली. जवळजवळ सगळी वस्तू हाती आल्याच्या दोन-तीन दिवसांत लिहिलेली, जांभळ्या झगमगाटाच्या फोटोंसह. चौथ्या आठवड्यातल्या रोपाचा फोटो एकही नाही. म्हणून सांगते, संच आला की त्याच दिवशी दिव्याला मीटर लावा. चटईवर ओल्या मातीचा रिकामा ट्रे एक दिवस-रात्र ठेवा, मातीचं तापमान बघा, आणि मगच बी पेरा.

मोड आलेल्या त्या आठ बिया मी कुंडीत लावल्या. वर साध्या पांढऱ्या एलईडी नळ्या आहेत, पानांपासून वीतभर उंचीवर. आठापैकी सात रोपांना पहिल्या दोन पानांनंतरची खरी पानं फुटली आहेत, देठ आखूड आणि जाड आहेत.