अंगावर बिबट्या काढायचा तर: रंग, ब्रश आणि नाशिकचा बाजार

छत्तीस रंगांची पॅलेट घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जातील आणि त्यांचे पैसे वाचतील. चेहरे रंगवायच्या कामात नव्याने उतरलेल्या मुलींच्या बॅगेत मला ही पॅलेट हमखास दिसते. आतले सगळे हिरवे-जांभळे कोरे करकरीत असतात आणि काळ्या-पांढऱ्याचा तळ लागलेला असतो.

मी पंचवटीत राहते, शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी रंगवण्याची कामं घेते: वाढदिवस, स्नेहसंमेलनं, गणपतीतले सजीव देखावे. यंदा ऑक्टोबरमधल्या वन्यजीव सप्ताहासाठी एका पथनाट्यात मुलांच्या अंगावर बिबटे काढायचं काम आलं. नाशिककरांना बिबट्याची ओळख करून द्यायला नको. निफाड-सिन्नरच्या उसात तो असतोच, अधूनमधून एखाद्या कॉलनीत चक्कर मारतो आणि मग दोन दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर तोच. नाटकातली मुलं कमरेपर्यंत उघडी, पाठ, हात आणि चेहरा रंगवलेला, वर ऑक्टोबरचं ऊन आणि खाली डांबर. त्यामुळे रंग निवडताना पहिला विचार घामाचा.

बिबट्याला लागतात किती रंग? पिवडीसारखा पिवळट तपकिरी, पांढरा, काळा आणि थोडा गडद तपकिरी. संपले. त्यातला गडद तपकिरी तर आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत विकत घ्यायचीही गरज नाही. बिबट्याच्या अंगावरच्या काळ्या तुटक कड्याच्या आतला भाग बाहेरच्या कातडीपेक्षा किंचित गडद असतो. सावळ्या पाठीवर पिवळट रंग पातळ थापला आणि कड्याच्या आतली जागा तशीच सोडली, की ती छटा आपोआप मिळते. गोऱ्या कातडीचा विचार करून केलेल्या व्हिडिओंत ही सोय कोणी दाखवत नाही. आणि एक, सगळ्या अंगभर कडी काढत सुटू नका. कडी पाठीवर आणि कुशीवर. डोकं, पाय आणि पोटाकडे भरीव ठिपके. कड्याच्या आत ठिपका टाकलात तर तो दक्षिण अमेरिकेतला जॅग्वार झाला, आणि प्रेक्षकांत एखादा वनखात्यातला माणूस असतोच.

आता रंग. आमच्याकडे नाटकवाल्यांची जुनी पेटी होती, तिच्यात मुर्दाडशिंग, हिंगूळ, पिवडी, काव, काजळ असायचं. आमच्या भावजींचं मेडिकल आहे. ते म्हणतात, यातलं पहिलं शिशाचं आणि दुसरं पाऱ्याचं. ती माणसं रोज हे तोंडाला लावून उभी राहायची. आज आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला कायद्याने मनाई आहे. पण कायदा लागू होतो तो सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीला. पोस्टर कलर किंवा अ‍ॅक्रेलिकची बाटली त्यात येतच नाही, आणि खरा घोळ तिथे आहे.

मेन रोडवर एका दुकानात मी ‘अंगाला लावायचे रंग’ मागितले तर काउंटरवर अ‍ॅक्रेलिकच्या बाटल्या आल्या. ‘मॅडम, नॉन-टॉक्सिक लिहिलंय बघा. पोरं खातात तरी काही होत नाही.’ मी म्हटलं, ‘दादा, खाल्लेलं एकवेळ चालेल, अंगाला नको.’ त्यांना ते पटलं नाही. नॉन-टॉक्सिकचा शिक्का कागदावर रंगवताना चुकून तोंडात गेलं तर काय, यासाठी असतो. तो रंग उघड्या पाठीवर चार तास ठेवायला चालतो असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. अ‍ॅक्रेलिक म्हणजे वाळल्यावर प्लास्टिकचा पापुद्रा. हालचाल केली की चिरतो, काढताना लव उपटत येतो, आणि त्यातली टिकाऊपणाची रसायनं कातडीचा विचार करून घातलेली नसतात. खांद्याचं हाड हलतं तिथे तर तो पहिल्या पाच मिनिटांत तडकतो.

दुकानात डबी हातात घेतली की मागची बाजू वाचा. भावजींनी मला शिकवलेलं एवढंच: भारतात बनलेली असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक हवा, आयात केलेली असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक हवा, शिवाय बॅच नंबर, घटकांची यादी आणि मुदत. यातलं काहीच नसेल आणि नुसता वाघाचा फोटो असेल, तर ती डबी काउंटरवर परत. अशा बिननावाच्या पॅलेट यात्रेत आणि ऑनलाइन ढिगाने मिळतात. मी एक मागवली होती, कागदावर करून पाहायला. पिवळा बरा होता, पण लाल धुतल्यावर बोटांवर दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला. ती आता शाळेच्या कपाटात आहे, कागदासाठी.

चमकणाऱ्या निऑन रंगांबद्दल वेगळी सावधगिरी. पुष्कळ कंपन्या त्यावर बारीक अक्षरात ‘स्पेशल इफेक्ट्ससाठी’ असं लिहितात, कारण ती रंगद्रव्यं सगळीकडे त्वचेसाठी मान्य नाहीत. मुलांच्या चेहऱ्यासाठी मी ते घेतच नाही. काळी मेंदीही नको. तिच्यात केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन असू शकतं आणि त्याची अ‍ॅलर्जी आयुष्यभर पाठ सोडत नाही.

आता मुद्द्याचं: ग्रीज की पाण्याचा? रंगभूषेच्या मंडळींना ग्रीज पेंटची, म्हणजे तेला-मेणात घोटलेल्या रंगाची सवय. रंगमंचावर, आतल्या दिव्यांत, वर नीट पावडर मारली तर तो देखणा दिसतो, आणि घामाने ओघळत नाही. पण पुसला जातो. पथनाट्यात मुलं एकमेकांच्या अंगावर पडणार, प्रेक्षकांत घुसणार, कोणाच्या तरी आजीच्या पांढऱ्या साडीला बिबट्या लागणार. पाठभर लावलेल्या ग्रीजखाली उकडतंही फार. म्हणून माझी निवड पाण्याने भिजवून लावायचे वड्यांचे रंग. त्यांचा दोष सरळ आहे: घामाच्या धारा लागल्या की ओघळतात. आम्ही प्रयोग सकाळी लवकर ठेवायला लावले, काखा आणि मानेची मागची बाजू रंगवलीच नाही, आणि पुसायचं नाही, टिपायचं, असा दम मुलांना भरला. तेवढ्यावर भागलं.

पाण्याच्या रंगांतही दोन जाती आहेत आणि हे कोणी सांगत नाही. ग्लिसरीनवाले, म्हणजे क्रायोलानचा अ‍ॅक्वाकलर किंवा मेहरॉनचा पॅराडाइज, हे मऊ असतात, ओल्या स्पंजने लगेच उचलले जातात, मोठ्या भागावर एकसारखे पसरतात. पण त्यावर दुसरा ओला रंग दिला की खालचा जागा होतो आणि वरच्यात मिसळतो. मेणवाले, उदाहरणार्थ डायमंड एफएक्स, जरा घासून उचलावे लागतात, पण रेघ कापून काढल्यासारखी येते आणि खालच्या थराला फारशी छेडत नाही. माझं समीकरण असं: अंगाचा पिवळट थर ग्लिसरीनचा, काळी कडी मेणाच्या काळ्याने. दोन वेगळ्या कंपन्यांच्या डब्या घ्यायला जिवावर येतं, पण सगळं एकाच जातीत घ्यायचंच असेल तर ग्लिसरीनचा घ्या आणि काळ्यात पाणी अगदी कमी ठेवा.

क्रायोलान ही बर्लिनची, १९४५ सालची कंपनी. नाटक-सिनेमावाल्यांत तिचं नाव आधी निघतं, आणि तिचे रंग नावापेक्षा नंबरावर ओळखले जातात. अ‍ॅक्वाकलरचा पांढरा ०७० आणि काळा ०७१. याचा फायदा म्हणजे डबी संपली की फोनवर नंबर सांगायचा, ‘जरा उबदार पांढरा’ असलं वर्णन करत बसायचं नाही. किंमत मात्र खिशाला जाणवते. वाढदिवसाला वीस मुलांच्या गालांवर फुलपाखरं काढायची असतील तर स्नाझारू कंपनीच्या १८ मिलीच्या सुट्या डब्या पुरतात. साबण-पाण्याने सहज निघतात आणि आयांना नाव माहीत असतं, हाही गुणच. पाठभर बिबट्यासाठी मात्र मी मोठ्या वड्याच घेईन. मेहरॉनची ४० ग्रॅमची वडी मी पिवळट थरासाठी घेतली. नाटकाचे सगळे प्रयोग होऊन ती अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे, म्हणून महाग म्हणवत नाही.

पाणी किती, हे सांगून येत नाही, हाताला कळतं. स्पंजने थापायचा थर धिरड्याच्या पिठापेक्षा घट्टच हवा. स्पंज दाबला तर थेंब पडता कामा नये. ओघळ आणि चट्टे येतात ते नव्वद टक्के वेळा जास्त पाण्याने, आणि दोष मात्र रंगाला दिला जातो.

ब्रश. इथे मी कंजूषपणा करत नाही. रंग मध्यम असेल तरी चांगल्या ब्रशने रेघ येते. उलटं होत नाही. सुदैवाने ब्रशसाठी नाशिकच्या बाहेर जावं लागत नाही. मेन रोड-शालिमारच्या पट्ट्यात आणि कॉलेज रोडकडे आर्ट मटेरियलच्या दुकानांत सिंथेटिक तंतूंचे ब्रश सुटे मिळतात. तैलरंगाचे डुकराच्या केसांचे ब्रश उचलू नका, ते बरगड्यांवर टोचतात आणि मूल वळवळतं. सेबल नावाच्या प्राण्याच्या मऊ केसांचे महागडे ब्रश जलरंगाला उत्तम, अंगावर फार लुळे पडतात आणि पाणी पीत बसतात.

घेताना दुकानात पाणी मागा. नवा ब्रश टोकाला डिंक लावून टोकदार केलेला असतो, त्यावर भुलू नका. डिंक धुवायचा, एक झटका द्यायचा आणि टोक आपणहून जुळतं का पाहायचं. मग हाताच्या मागच्या बाजूवर वाकवून सोडायचा. लगेच सरळ झाला पाहिजे. पत्र्याची नळी दांड्यावर हलवून बघायची. एका दुकानदाराने पाणी द्यायला चक्क नकार दिला, ‘भिजवलेला घ्यावाच लागेल’ म्हणाला. दुसऱ्याने स्वतः पेला आणून दिला आणि वर पाच-सहा ब्रश काढून ठेवले. मी आता सगळं त्याच्याचकडून घेते.

कोणते घ्यायचे? दोन गोल: ४ नंबर मिशा आणि डोळ्यांच्या कडांसाठी, ६ नंबर पायांवरच्या ठिपक्यांसाठी. नंबर कंपनीगणिक लहानमोठे असतात, म्हणून डोळ्याने बघून घ्या. एक पाऊण इंची चपटा. आणि तिसरी जात, जिच्यामुळे माझं काम अर्ध्या वेळात झालं: फिल्बर्ट, म्हणजे चपटा पण टोक गोल केलेला. काळ्यात बुडवून तो गोलाकार तीनदा दाबला, मध्ये फटी ठेवून, की बिबट्याचं तुटक कडं तयार. रेघ ओढायचीच नाही, ठसा मारायचा. प्रत्येक वेळी दाब थोडा वेगळा पडतो, त्यामुळे कडी एकसारखी छापील दिसत नाहीत. हा ब्रश मला दीडशेच्या आसपास पडला आणि सगळ्या खरेदीत पैसे वसूल झाले ते इथेच.

ब्रश पाण्याच्या पेल्यात उभे ठेवून चहाला जाऊ नका. टोक वाकतं आणि नळीतला डिंक सुटून केस गळायला लागतात. साबणाने धुऊन आडवे वाळवा.

स्पंज जाड, बारीक छिद्रांचा घ्या आणि अर्धा कापा. भांडी घासायचा नको, आणि फाउंडेशनचा तो अंड्याच्या आकाराचाही नको, तो रंग पिऊन टाकतो. प्रत्येक मुलाला वेगळा तुकडा, यात सवलत नाही. ज्याला खरूज, पुटकुळ्या किंवा ताजं खरचटलेलं आहे त्याला रंगवायचं नाही, कितीही रडला तरी. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून चोवीस तास बघायचं. आमच्यातल्या एका मुलाला तिथे लाली आली, त्याला आम्ही वनरक्षक केला. तो त्यावर जास्तच खूश.

चकाकी हवीच असेल तर सौंदर्यप्रसाधनाची घ्या, राखीच्या सामानातली नाही. राखीवाली कडांना धारदार असते आणि डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा. बिबट्याला चकाकी कशाला, हा माझा प्रश्न आयोजकांनी मनावर घेतला नाही. शेवटी ती फक्त फलकावर लावली.

काढताना आधी कोमट पाणी आणि साबण. मेणाचा काळा डोळ्याच्या कडेला अडून बसतो, तिथे खोबरेल तेल बोटाने फिरवून मग साबण. लाल आणि निळा वापरणार असाल तर आधी खाली फाउंडेशनचा पातळ थर द्या, नाहीतर डाग मागे राहतो. वड्या बंद करण्यापूर्वी पूर्ण वाळू द्या. नाशिकच्या पावसाळ्यात ओल्या डबीचं झाकण लावून ठेवलं तर आत बुरशी येते, आणि बुरशीची वडी वरून खरवडून वापरायची नसते, फेकायची.

ऑनलाइन मागवणार असाल तर विक्रेता कंपनीचा अधिकृत आहे का ते आधी तपासा आणि पार्सल आल्या आल्या मुदतीची तारीख बघा. माझ्याकडे एकदा मुदतीला दोनच महिने उरलेला पांढरा आला होता. विक्रेत्याने बदलून दिला, पण तोवर एक वाढदिवस मला पांढऱ्याशिवाय काढावा लागला, आणि पांढऱ्याशिवाय ससा काढून दाखवा बघू कोणी.