क्रेडिट कार्डाचं व्याज कमी करून मागितलं: कस्टमर केअर, ॲप आणि लेखी अर्ज, तिन्हींचा अनुभव

कार्डाचा व्याजदर कंपनीने कमी केला नाही. पण माझ्या थकबाकीवरचं व्याज मात्र वर्षाला ४५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं, आणि ते मागितलं म्हणूनच आलं. कार्ड एका मोठ्या खासगी बँकेचं आहे. नाव घेत नाही, कारण बहुतेक कार्डांचं गणित थोड्याफार फरकाने असंच चालतं. फोनवरच्या सेवेला मी पाचपैकी दोन तारे देईन, ॲपला दोनच, आणि लेखी अर्ज बघणाऱ्या कक्षाला चार.

लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे, मागे डंख, म्हणजे मिरची-मसाला कुटायची यंत्रं, आहेत. फेब्रुवारी सरत आला की बायका पिशव्या भरभरून मिरच्या घेऊन यायला लागतात ते थेट पाऊस तोंडावर येईपर्यंत. वर्षाची निम्म्याहून जास्त कमाई याच दिवसांत होते. यंदा नेमकी तेव्हाच एका डंखाची मोटर जळली. नवी मोटर, बसवणावळ आणि वाशीच्या मसाला मार्केटमधून उचललेली बेडगी नि संकेश्वरी मिरची मिळून कार्डावर ८४,००० रुपये चढले. डंख बंद ठेवला असता तर गिऱ्हाईक शेजारी गेलं असतं आणि मालवणी मसाल्याचं गिऱ्हाईक एकदा हात बदलला की सहसा परत येत नाही. तेव्हा खर्च करणं भागच होतं. पैसे मात्र कांडपाचे, सुटे सुटे येतात, आणि कार्डाचं बिल एकरकमी येतं.

बिलावर व्याज ‘दरमहा ३.७५ टक्के’ असं छापलेलं असतं. वाचताना आकडा लहान वाटतो. बारा महिन्यांचे ४५ टक्के होतात, आणि व्याजावर वर १८ टक्के जीएसटी. कागदावर मांडून बघा: ८४,००० वर महिन्याचं व्याज ३,१५०, त्यावर कर ५६७, एकूण ३,७१७ रुपये. माझ्या कार्डाचा मिनिमम ड्यू, म्हणजे महिन्याला निदान भरावीच लागणारी रक्कम, थकबाकीच्या पाच टक्के, म्हणजे ४,२००. म्हणजे ४,२०० भरले तरी मुद्दल कमी होणार जेमतेम ४८३ रुपयांनी. शिवाय आधीची थकबाकी उभी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. म्हणून मी कार्ड कपाटात ठेवलं आणि दुकानाचं सगळं यूपीआयवर आणलं. नुसतं मिनिमम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक बिलावर छापावा लागतो. बारीक अक्षरात असतो, पण असतो. तो वाचा.

मग कस्टमर केअर. बटणं दाबत दाबत माणसापर्यंत पोहोचायलाच इतका वेळ जातो की दुकानात गिऱ्हाईक असताना हा फोन करूच नये. पहिल्यांदा जो मुलगा बोलला तो नम्र होता, पण त्याच्याकडे एकच वाक्य होतं: “मॅडम, इंटरेस्ट रेट सिस्टममधून येतो, आम्हाला बदलता येत नाही.” मी सांगितलं, इतक्या वर्षांत एकही तारीख चुकलेली नाही, सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, ७६१ आहे, नोंद काढून बघा. त्याने नोंद काढली आणि मला लिमिट वाढवून देऊ केली. मी व्याज कमी करा म्हणतेय आणि समोरून आणखी उधारी पुढे केली जातेय, याचा मला मनापासून राग आला. त्या पोराचा नव्हे. त्याच्या पडद्यावर ज्याने ती ऑफर आणून ठेवली त्याचा.

एका संध्याकाळी मात्र मराठी बोलणारी मुलगी फोनवर आली आणि या सगळ्यातलं कामाचं बोलणं तेवढंच झालं. ती म्हणाली, “मॅडम, रेट कमी करा असं म्हणू नका, त्याला आमच्याकडे रकानाच नाही. थकबाकीचे हप्ते करून द्या म्हणा, आणि मेलवर मागा. फोनवर आम्हाला एकच दर दिसतो. मेल दुसऱ्या टीमकडे जातो, त्यांना दर थोडा खाली आणता येतो.” मी म्हटलं, हे पहिल्यांदाच का नाही सांगत? ती म्हणाली, “कोणी विचारलं तर सांगतो.” दोनपैकी दोन्ही तारे तिच्यासाठी आहेत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाजारात अजून पुष्कळ लोक म्हणतात की ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं बेकायदा आहे. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तसा निकाल दिला होता खरा. पण २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. रिझर्व्ह बँक सांगते की व्याज अवाजवी नसावं, पण अमुक टक्क्यांच्या वर जायचं नाही अशी रेघ तिने आखलेली नाही. त्यामुळे फोनवर ‘३० टक्के’ म्हणून भांडण्यात अर्थ नाही. समोरच्याला हे माहीत असतं आणि आपलं बाकीचं बोलणंही मग तो मनावर घेत नाही.

ॲपमध्ये हप्त्यांची ऑफर आयती दिसत होती: २४ महिने, १८ टक्के, हप्ता साधारण ४,१९४ रुपये. खाली मोठं हिरवं बटण. हप्ता मिनिमम ड्यूपेक्षा सहा रुपयांनी कमी, त्यामुळे बघताक्षणी बरी वाटते. ॲपला मी दोनच तारे का देते ते इथे आहे. एकूण किती जास्तीचे जाणार हा आकडा त्या पानावर कुठेच नव्हता. मी पुतण्याला बसवून हिशोब करून घेतला. व्याज १६,६४७, त्यावर जीएसटी जवळपास ३,०००, प्रोसेसिंग फी एक टक्का म्हणजे ८४०, तिच्यावरही जीएसटी. सगळं धरून साडेवीस हजारांच्या वर. ४५ टक्क्यांपेक्षा हे खूपच बरं, यात वाद नाही. पण बटण दाबलं असतं तर पुढचं काही मागायची सोय राहिली नसती.

मेल मराठीत मी सांगितला, पुतण्याने इंग्रजीत लिहिला. त्यात रडगाणं नव्हतं. कार्ड किती जुनं आहे, उशिराची नोंद एकही नाही, धंदा हंगामी आहे आणि पैसा कधी येतो, आणि मागणी काय ते नेमकं: पूर्ण ८४,००० चे १८ हप्ते, दर १२ टक्के, प्रोसेसिंग फी माफ, आणि वेळेआधी फेडल्यास दंड नको. दुसऱ्या एका बँकेने मला याच सुमाराला १४ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज देऊ केलं होतं, तेही लिहिलं, कागदासकट. माझ्या मते पारडं त्या कागदाने फिरवलं. गिऱ्हाईक जाऊ शकतं हे दिसल्याशिवाय भाव कोणी उतरवत नाही, मिरची बाजारातही नाही आणि बँकेतही नाही.

उत्तर फोनवर आलं. बोलणाऱ्या बाई अधिकारी होत्या, घाईत नव्हत्या, त्यांनी माझा मेल खरंच वाचलेला होता. १२ टक्के जमणार नाही म्हणाल्या, १५ देते म्हणाल्या. फी माफ नाही, पण एक टक्क्याऐवजी ४९९ रुपये ठरलेले. मुदतीआधी फेडल्यास उरलेल्या मुद्दलावर तीन टक्के आणि वर कर, ते काढायला त्या तयार झाल्या नाहीत. मी म्हटलं, हे सगळं लिहून पाठवा, मग हो म्हणते. पाठवलं. हप्ता ५,२४० रुपये. व्याज एकूण १०,३२५, त्यावर जीएसटी १,८५८ च्या आसपास, फी करासकट ५८९. म्हणजे पावणेतेरा हजारांत काम झालं. ॲपवरचा हप्ता हजाराने लहान दिसत होता, पण तो घेतला असता तर मला जवळजवळ आठ हजार जास्त पडले असते. आठ हजार म्हणजे आमच्याकडे कांडपाला मदतीला येणाऱ्या बाईचा हंगामातला बराचसा पगार आहे. एका मेलवर इतकं अवलंबून असावं हे मला पटत नाही. जो दर लिहून मागणाऱ्याला देता येतो तो ॲपवर उघड दाखवा की.

चारच तारे का, पाच का नाहीत? त्यांनी पाठवलेल्या हप्त्यांच्या तक्त्यात व्याजावरचा जीएसटी धरलेलाच नव्हता. पहिल्या महिन्यात व्याज १,०५० म्हणजे वर १८९ रुपये कर, तो बिलात वेगळा येतो. मला हिशोब माहीत होता म्हणून धक्का बसला नाही. ज्याने बरोबर ५,२४० खात्यात ठेवले असतील त्याला तेवढे कमी पडणार, आणि मग लेट फी. हे त्यांनी ठळक लिहायला हवं. दुसरं, हप्ते करून मिळाले तरी थकबाकीएवढी लिमिट अडकून राहते, जसजसं मुद्दल फिटेल तशी सुटते. आणि हप्ते मंजूर होईपर्यंत चढलेलं व्याज माफ होत नाही, ते पुढच्या बिलात येतंच. ते मी एकदम भरून टाकलं.

बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाची धमकी अनेकजण देतात. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर तिकडे जायचं. पण दर किती लावायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानतात आणि त्यात लोकपाल पडत नाही. चुकीची फी लावली, न विचारता कार्ड गळ्यात मारलं, बंद करायला सांगूनही बंद केलं नाही, यासाठी तो दरवाजा आहे. कार्ड बंद करण्याचा अर्ज दिल्यावर सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही तर, बाकी काही देणं नसेल तेव्हा, रोजचे ५०० रुपये कंपनीने तुम्हाला द्यायचे असतात. हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आणि कोणी ‘सेटलमेंट’ करून देतो म्हणाला तर नीट ऐका. त्यात काही रक्कम सुटते, पण सिबिलच्या अहवालात खातं ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं आणि पुढे कर्ज मागायला गेलं की तेच आडवं येतं. हप्ते वेगळे आणि सेटलमेंट वेगळी. दोन्ही शब्द फोनवर एकाच दमात वापरले जातात, म्हणून सांगते. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढून ठेवा, मागणी करताना हाताशी लागतो.

ज्यांच्या घरात कोणी पालिकेत किंवा बेस्टमध्ये आहे त्यांनी आधी तिथल्या पतपेढीत चौकशी करावी, दर बहुधा याहून कमी पडेल. सोन्यावरचं कर्जही स्वस्त असतं. माझ्याकडे आईच्या पाटल्या आहेत, त्या मला बँकेच्या तिजोरीत ठेवायच्या नव्हत्या, म्हणून मी तिकडे गेले नाही.

फोन सेवेचं एक चांगलं राहिलं. बिलाची तारीख निदान एकदा तरी आपल्या सोयीने बदलून मिळते, तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. मी ती बदलून घेतली, कारण वाशीच्या व्यापाऱ्याचे पैसे आणि कार्डाचं बिल एकाच आठवड्यात यायचे. हे काम त्यांनी त्याच फोनवर, काही न विकता, करून दिलं.