अर्ध्या वाटीचाही मान राखणारी नौपाड्यातली खानावळ

सात महिन्यांपूर्वी माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात, उरते ती केळ्याएवढी नळी. तेव्हापासून बाहेर जेवायचं म्हटलं की धडकीच भरायची. एका हॉटेलात अर्धी प्लेट मागितली, तर वेटर सगळ्यांसमोर म्हणाला, "मग आलात कशाला?" त्या दिवशी मी रडतच घरी आले.

ठाण्यातल्या गोखले रोडच्या मागच्या गल्लीतल्या या खानावळीत मात्र काकूंना ऑपरेशनचं सांगितलं, तर त्यांनी मुगाचं एकच धिरडं चहाच्या बशीत घालून आणलं. वर किसलेलं पनीर, कडासुद्धा मऊ. नखाएवढा तुकडा तोडायचा, पार लगदा होईपर्यंत चावायचा, असं करत अर्धा तास लागला. पण टेबल अडवलं म्हणून कुणी डोळे वटारले नाहीत. दुसऱ्या खेपेला तर काकूंनी समोरचा पाण्याचा ग्लास स्वतःहून उचलला. जेवताना पाणी नाही आणि नंतरही अर्धा तास नाही, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं! मला भरूनच आलं.

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन गाठायचं असतं, म्हणून मी आधी उसळ संपवते. मटकी छान शिजलेली असते, फक्त तिखट जास्त, आधी सांगून ठेवा. भात मला अजून जड जातो. उरलेलं डब्यात बांधून देतात. रविवारी दुपारी फार गर्दी असते. आमच्यासारख्या सावकाश जेवणाऱ्यांनी मधल्या वारी, साडेबाराच्या आत जावं.