उसाच्या प्लॉटसाठी ४३२६ की ३२६४३?

कृष्णाकाठच्या उसाचे प्लॉट पोस्टजीआयएसमध्ये (नकाशाची माहिती साठवणारी पोस्टग्रेस डेटाबेसची जोड) ठेवायचे म्हटले की पहिला प्रश्न एसआरआयडीचा, म्हणजे जागेचे आकडे कोणत्या मोजपद्धतीत आहेत हे सांगणाऱ्या क्रमांकाचा. वाळवा-मिरज भागातल्या गटांचे काम मी दोन्हींत केले आहे.

४३२६ म्हणजे अंशांतले साधे अक्षांश-रेखांश. त्याची बाजू भक्कम आहे. चिटबॉयच्या (साखर कारखान्याच्या शिवारातल्या कर्मचाऱ्याच्या) मोबाइलवरून येणारे जीपीएसचे बिंदू त्यातच असतात, वेब नकाशासाठी जिओजेसन (नकाशातले आकार मजकुरात लिहिण्याचा फॉरमॅट) त्यातच द्यावे लागते. पण जिऑमेट्री कॉलममध्ये, म्हणजे जमीन सपाट धरून आकार ठेवणाऱ्या रकान्यात, हे सगळे अंश असतात, आणि उत्तरही अंशांतच मिळते. एकरभर प्लॉटचे एसटी_एरिया (क्षेत्रफळाचे फंक्शन) काढले तर ०.००००००३४ असे काहीतरी येते. ते निदान लगेच खटकते. माझा खरा वैताग एसटी_डीविदिनचा, म्हणजे दिलेल्या अंतराच्या आतले आकार शोधणाऱ्या फंक्शनचा. नदीपात्रापासून ५०० मीटरच्या आतले प्लॉट हवेत म्हणून ५०० लिहावे, तर ते ५०० अंश धरले जातात. मग पार आटपाडीपर्यंतचे झाडून सगळे प्लॉट यादीत! एरर नाही, वॉर्निंग नाही. ऐन पुराच्या दिवसांत अशी यादी कुणाच्या हाती पडली तर काय, या काळजीनेच माझा निर्णय झाला.

पृथ्वीचा गोलावा धरून मोजणाऱ्या जिओग्राफी टाइपमध्ये मीटर मिळतात, हे खरे. पण त्यात फंक्शन मोजकी, आणि जिऑमेट्री कॉलमचे ऐनवेळी जिओग्राफीत कास्टिंग (प्रकार बदल) केले की त्यावरचा शोध वेगवान करणारा साधा इंडेक्स कामी येत नाही.

३२६४३ म्हणजे यूटीएम या पट्ट्यापट्ट्याने मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणाचा ४३ उत्तर झोन, ७२ ते ७८ पूर्व रेखांशांचा. सातारा-सांगली त्यात आरामात बसतात. इथे ५०० म्हणजे ५०० मीटरच. क्षेत्रफळाला १०१.१७ ने भागले की गुंठे. ७५ अंशांच्या मध्य रेखांशावर या प्रक्षेपणाचे प्रमाण ०.९९९६ असते, म्हणून सांगलीत एकरामागे साधारण तीन चौरस मीटर कमी भरतात. बांधावरून मोबाइल घेऊन फिरताना याहून कितीतरी जास्त फरक पडतो, त्यामुळे मला तरी ते चालते.

नागपूर मात्र ४४ व्या झोनमध्ये जाते. राज्यभराचे काम असेल तर ४३२६ किंवा जिओग्राफीच घ्या, असे मी म्हणेन. दोन जिल्ह्यांपुरते असेल तर कॉलमच पॉलिगॉन, ३२६४३ असा बांधा. मग ४३२६ चा पॉलिगॉन तसाच घालू गेल्यास डेटाबेस नकार देतो, आणि मला हवी असते ती नेमकी हीच अडवणूक. आत घेताना एसटी_ट्रान्सफॉर्म वापरा, ते आकडेच नव्या पद्धतीत बदलून देते. एसटी_सेटएसआरआयडी फक्त शिक्का बदलते, आकडे तेच राहतात. वेब नकाशासाठी ४३२६ चा एक व्ह्यू (साठवलेली क्वेरी) करून ठेवला की भागते.